वही न उघडताच लागलेला निकाल

प्रति,
सोलापूर शहर आणि जिल्ह्यातल्या शालेय विज्ञान प्रदर्शनांचे आयोजक, परीक्षक आणि विज्ञान शिक्षक यांस

विषय: प्रदर्शनात मांडलेल्या प्रयोगांचं मूल्यमापन

सप्रेम नमस्कार.

सूत रंगवणाऱ्या एका कारखान्यात मी शेड मॅचिंगचं काम करते. गिऱ्हाइकानं पाठवलेल्या चिंधीशी आमच्या सुताचा रंग जुळवायचा आणि जुळला की कोणता रंग किती, मीठ किती, सोडा किती, पाणी कुठलं, किती वेळ तापवलं, हे सगळं वहीत उतरवायचं. शिक्षण बी.एस्सी., केमिस्ट्री घेऊन. शिवाय नववीतल्या एका मुलीची आई. पत्र आई म्हणून लिहायला घेतलं खरं, पण वहीचा विषय निघाला की कारखान्यातली बाईच जास्त बोलते, त्याला इलाज नाही.

गेल्या वर्षी एका विज्ञान प्रदर्शनात माझ्या मुलीनं आणि तिच्या दोन मैत्रिणींनी एक प्रयोग मांडला होता. त्याचं जे झालं ते मला मुकाट्यानं गिळता येईना. प्रदर्शन कोणतं, शाळा कोणती, परीक्षक कोण, हे मी लिहिणार नाही. चूक एखाद्या माणसाची असती तर त्यांनाच गाठून बोलले असते. पण नंतर बाकीच्या पालकांना आणि ओळखीच्या शिक्षकांना विचारलं, तर ज्याच्या त्याच्या तोंडी एकच, "अहो, सगळीकडं असंच असतंय." म्हणून पत्रही सगळ्यांना.

आधी प्रयोग सांगते. तिथं तो कुणी ऐकून घेतला नाही, निदान इथं तरी ऐका.

उन्हाळा तोंडावर आला की आपण कुंभार वेशीत माठ बघायला जातो. विकणारी मावशी काळा माठ पुढं करते, "ह्यात पाणी जास्त गार होतंय." आमच्या सासूबाई लाल माठाच्या बाजूच्या. हा वाद आमच्या घरात दर वर्षी होतो आणि दर वर्षी सासूबाई जिंकतात. मुलींनी नेमका तोच प्रश्न घेतला: काळ्या माठातलं पाणी लाल माठातल्यापेक्षा खरंच जास्त गार होतं का?

पहिला बेत अगदी सोपा होता. एक काळा माठ, एक लाल माठ, दोन्हीत पाणी, संध्याकाळी थर्मामीटर बुडवायचा. यावर तिघींतली जी सगळ्यात कमी बोलते तिनं विचारलं, "काळा गार निघाला, तर तो काळा म्हणून गार, का तेवढा तो एकच माठ चांगला म्हणून?" चौदा वर्षांच्या मुलीचा हा प्रश्न आहे. मोठमोठ्या जाहिरातदारांना तो आयुष्यभर पडत नाही. तिथून बेत बदलला. एकाच कुंभाराकडचे, एकाच मापाचे तीन काळे आणि तीन लाल माठ आणले. नवे माठ आधी सारखा वेळ भिजत घातले. पत्र्याच्या छपराखाली गॅलरीत रांगेनं मांडले. मग लक्षात आलं की गॅलरीच्या एका टोकाला वारा जास्त लागतो. म्हणून रोज चिठ्ठ्या टाकून माठांच्या जागा बदलायचं ठरलं. चिठ्ठ्या का, तर आपण हातानं ठेवायला गेलो की नकळत आवडता माठ वाऱ्याला ठेवतो. हे त्यांना मी सांगितलेलं नाही, त्यांनीच एकमेकींवर आरोप करत करत शोधलं.

थर्मामीटरची गंमत तर वेगळीच. मागून आणलेले दोन थर्मामीटर एकाच तांब्यात बुडवले तर दोघांचे आकडे वेगळे. मग एकच वापरायचा ठरला. तो किती खोल बुडवायचा यासाठी त्याला दोरा बांधला, आणि आकडा वाचायच्या आधी पाणी पळीनं ढवळायचा नियम केला. कोपऱ्यावरच्या किराणा दुकानातला वजनकाटा रात्री दुकान बंद झाल्यावर आणायचा, माठ भरल्यावर किती आणि दुसऱ्या दिवशी किती, म्हणजे पाणी किती उडालं ते कळतं. आपल्या शहरात नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं, हे तुम्हाला सांगायला नको. सहा माठांचं पाणी रोज ओतून द्यायची सोय कुणाच्याच घरात नाही. तेव्हा माठातलं पाणी परत एका पिंपात, पिंपातलं सारखं ढवळून परत माठात, असा फेरा. यात फायदाच झाला: सगळ्या माठांची सुरुवात एकाच तापमानाच्या पाण्यानं होऊ लागली.

एका पानावर मागचं विज्ञानही आहे. एक ग्रॅम पाण्याची वाफ व्हायला साधारण 580 कॅलरी उष्णता लागते, म्हणजे लिटरभर पाण्यातून एक ग्रॅम उडालं तर उरलेलं पाणी अर्ध्या अंशाहून थोडं जास्त गार व्हायला पाहिजे. त्यांच्या वजनाच्या हिशेबानं पाणी जेवढं गार व्हायला हवं होतं तेवढं ते झालं नाही. का? कारण बाहेरची गरम हवा माठाला उलट ऊबही देत असते. शिवाय थर्मामीटरच्या फुग्याला ओली चिंधी गुंडाळून वाऱ्यात धरला की जो आकडा येतो, त्याच्या खाली माठ जाऊच शकत नाही, हेही त्यांनी करून पाहिलं. सोलापूरची हवा कोरडी म्हणून आपल्याकडं माठ चालतो. भर पावसाळ्यात तोच माठ नावापुरता उरतो.

माठ काळा कसा होतो, हे विचारायला त्या परत कुंभाराकडं गेल्या. भट्टीत धूर कोंडला की काळा, हवा खेळती राहिली की लाल. म्हणजे रंग वेगळा तर भाजणीही वेगळी, आणि भाजणी वेगळी तर माठाची छिद्रंही वेगळी असू शकतात. याचा अर्थ, फरक सापडलाच असता तरी तो रंगाचा, असं सरळ म्हणता आलं नसतं. हे वाक्य वहीत आहे आणि त्याखाली दोन रेघा मारलेल्या आहेत.

निकाल असा आला: काळ्या आणि लाल माठांमधल्या फरकापेक्षा काळ्या-काळ्या माठांमधलाच फरक मोठा. वाऱ्याच्या टोकाला जो माठ असेल तो बहुतेक वेळा सगळ्यात गार, मग रंग कुठलाही असो. निष्कर्षाचं त्यांचं वाक्य मी जसंच्या तसं देते: "रंगामुळे फरक पडतो असं आम्हाला दिसलं नाही. पण आमचा थर्मामीटर एक अंशापेक्षा लहान फरक दाखवत नाही, म्हणून फरक अजिबात नाही असं आम्ही म्हणू शकत नाही."

असं वाक्य लिहायला मी नोकरीत शिकले, कॉलेजात नाही.

आता प्रदर्शनात काय झालं ते. परीक्षक यादी हातात घेऊन आले. "मॉडेल कुठंय?" मुलींनी माठ दाखवले. "हे चालतं कसं?" माठ काही चालत नाही. "बरं, निष्कर्ष काय?" एकीनं सांगितलं की फरक दिसला नाही. "म्हणजे प्रयोग फसला तर." आणि पुढचं टेबल. वही टेबलावरच होती. तिला कुणी हात लावला नाही. पहिलं बक्षीस थर्माकोलच्या एका झगमगत्या शहराला गेलं. ते करणाऱ्या मुलांबद्दल माझ्या मनात काही नाही, त्यांनी मेहनत घेतली होती. माझं भांडण आहे ते "फसला" या शेऱ्याशी आणि तो ज्या घाईत दिला गेला तिच्याशी.

माझी पहिली आणि सगळ्यात मोठी तक्रार हीच की फरक सापडला नाही म्हणजे प्रयोग फसला, असं तुम्ही मुलांना शिकवता. 1887 मध्ये मायकेलसन आणि मोर्ले यांनी प्रकाशाच्या वेगात एक फरक शोधायचा प्रयत्न केला. पृथ्वी ईथर नावाच्या अदृश्य माध्यमातून फिरत असेल तर तो फरक मिळायलाच हवा होता. अपेक्षेइतका फरक मिळाला नाही. त्या न मिळण्यानं पदार्थविज्ञानाची सगळी मांडणी हलली, आणि मायकेलसनना पुढं 1907 चं नोबेल मिळालं, अशा काटेकोर मोजमापाच्या उपकरणांसाठीच. आपल्या परीक्षकांनी त्यांनाही विचारलं असतं, "हे चालतं कसं?"

पाणी गार होण्याचीच दुसरी गोष्ट घ्या. 1963 मध्ये टांझानियातल्या एरास्टो एम्पेम्बा नावाच्या शाळकरी मुलाला आइस्क्रीम करताना वाटलं की गरम मिश्रण थंड मिश्रणाच्या आधी गोठतंय. शिक्षकांनी त्याची टर उडवली. पुढं डेनिस ऑस्बोर्न हे पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक त्याच्या शाळेत आले तेव्हा त्यानं भर वर्गात तोच प्रश्न विचारला. त्यांनी हसण्यावारी नेला नाही, प्रयोगशाळेत करून बघितलं, आणि 1969 मध्ये दोघांच्या नावानं निबंध छापून आला. गोष्ट इथं संपत नाही. त्या परिणामाबद्दल वाद चालूच राहिला. 2016 मध्ये इंग्लंडमधल्या दोन संशोधकांनी काळजीपूर्वक मोजून सांगितलं की आम्हाला तसं काही सापडलं नाही, आणि थर्मामीटर एखादा सेंटिमीटर वर-खाली असला तरी असा भास होऊ शकतो. सेंटिमीटरभर! सोलापुरातल्या तीन मुलींनी थर्मामीटरला दोरा बांधला होता तो याचसाठी. त्यांना एम्पेम्बा माहीत नव्हता. दोऱ्याबद्दल त्यांना कुणी विचारलंही नाही.

दुसरी तक्रार: मॉडेल आणि प्रयोग यांची तुम्ही सरमिसळ केली आहे. व्हिनेगर-सोड्याचा ज्वालामुखी, पवनचक्की, पाण्यावर चालणारं जेसीबी, ही मॉडेलं. आधीच माहीत असलेली गोष्ट ती दाखवतात, आणि चांगली दाखवली तर त्यांचंही मोल आहे. प्रयोगाचं तसं नसतं. त्यात करणाऱ्याला उत्तर ठाऊक नसतं, म्हणून तर तो करायचा. दोघांना एकाच तागडीत घातलं की दिवे लागणारी वस्तू जिंकणार, हे ठरलेलंच. एनसीईआरटी या शालेय शिक्षणाच्या राष्ट्रीय संस्थेच्या प्रदर्शनाच्या निकषांत मुलांची स्वतःची कल्पकता आहे, वैज्ञानिक विचार आहे, कारागिरी आहे, कमी खर्च आहे, सादरीकरणही आहे. पण आपल्याकडं टेबलापाशी उभं राहिल्यावर कारागिरी आणि सादरीकरण एवढंच डोळ्यांना दिसतं. वैज्ञानिक विचार बघायचा तर वही उघडावी लागते, आणि वही उघडायला वेळ लागतो.

वहीवर मला जरा जास्त बोलू द्या.

आमच्या कारखान्यात एखादी शेड सुंदर जमते, सगळे खूश होतात, आणि महिन्यानं तीच ऑर्डर परत आली की तोच रंग, तेच वजन, तरी शेड हलते. वही काढावी तर दिसतं की पहिल्यांदा उजनी धरणाचं पाणी होतं, आता बोअरचं आहे. बोअरच्या पाण्यातले क्षार रंगाला सुखानं बसू देत नाहीत. पाणी कुठलं ते लिहिलेलं नसेल तर दिवसभर एकमेकांवर ओरडणं. वहीतली खाडाखोड मी कधीच फाडू देत नाही. बिघडलेल्या घाण्याची नोंदही असू द्यायची, उलट तीच जास्त कामाला येते.

आणि शाळेत आपण काय करतो? जर्नल. स्वच्छ, समास आखलेलं, वरच्या वर्गातल्या ताईचं बघून उतरवलेलं. प्रयोग व्हायच्या आधीच त्यात निरीक्षणं असतात. गुरुत्वत्वरण काढायचं तर ते 9.8 च येतं, कारण उत्तरावरून मागं जात रीडिंग जुळवलेलं असतं. दहावीच्या प्रात्यक्षिकाचे गुण सगळ्यांना जवळजवळ सारखे पडतात. मुलांनाही कळून चुकलेलं असतं की हे नाटक आहे, आणि नाटकात खरं रीडिंग लिहिणारा वेडा ठरतो. माझ्या मुलीच्या वहीत एका दिवसाच्या पानावर मोठी काट आहे आणि शेजारी लिहिलंय, "मांजरानं तिसरा लाल माठ कलंडवला. आजचं धरू नये." प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी तिला सल्ला मिळाला की हे असलं काही ठेवू नकोस, वही फेअर करून आण. तिनं केली नाही. मला तिचा अभिमान वाटला, आणि तो सल्ला देणाऱ्या भल्या माणसाची काळजी वाटली.

तिसरी तक्रार वेळेची. परिपत्रक येतं आणि हातात उरतात मोजके दिवस. एवढ्यात प्रयोग होत नाही, खरेदी होते. स्टेशनरीच्या दुकानात तयार प्रोजेक्ट टांगलेले असतातच, नाहीतर बाबा वेल्डिंगवाल्याकडं जातात. मुलं निरुपायानं फसवणूक शिकतात आणि आपण त्यांना "बालवैज्ञानिक" म्हणून प्रमाणपत्र देतो.

आधीपासून तयारी करणं म्हणजे काय, याचा धडा आपल्याच जिल्ह्यात आहे. 22 जानेवारी 1898 ला खग्रास सूर्यग्रहणाचा पट्टा करमाळा तालुक्यातल्या जेऊरवरून गेला. पुण्याहून प्राध्यापक नायगमवाला आपल्या दुर्बिणी घेऊन आले, अमेरिकेतल्या लिक वेधशाळेचे खगोलशास्त्रज्ञ कॅम्पबेल आले. सूर्य पूर्ण झाकला जाणार तो जेमतेम दोनेक मिनिटं, आणि चुकलं तर परत करून बघायची सोय नाही. कोण कुठं उभं राहणार, कोणती काच कधी उघडायची, हे सगळं आधी ठरवल्याशिवाय असलं काम होत नाही. जेऊरचा हा इतिहास किती शाळांत सांगितला जातो, हा एका वेगळ्याच पत्राचा विषय.

चौथी गोष्ट भाषेची. आपलं शहर मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू असं चार तोंडांनी बोलणारं. माठांबद्दल तो पहिला नेमका प्रश्न विचारणारी मुलगी घरी तेलुगू बोलते. आई विड्या वळते, वडील यंत्रमागावर आहेत. परीक्षकांसमोर ती अडखळली. शेजारच्या टेबलावरचा मुलगा इंग्रजीतून पाठ केलेलं धडाधड बोलला. पाठांतराला टाळ्या मिळाल्या. विचार करत बोलणारं पोर अडखळतंच, हे शिक्षकांना माझ्यापेक्षा जास्त माहीत असायला हवं.

आणि हो, प्रयोगशाळांना लावलेली कुलपं. सामान फुटेल म्हणून लावलेली. यावर जास्त बोलत नाही.

तुमची बाजू मला दिसत नाही असं नाही. शिक्षकांच्या मागं निवडणुकीपासून पोषण आहाराच्या नोंदीपर्यंत नाना कामं असतात. परीक्षक म्हणून येणाऱ्यांना दिवसभर उभं राहून हातात पडतं ते चहा आणि नारळ. टेबलं खूप, वेळ थोडा. काही शिक्षक पदरच्या पैशानं चुंबक आणि लिटमस आणतात, ते मी डोळ्यांनी बघितलंय. पण टेबलं खूप आहेत हे कारण असेल तर टेबलं कमी करा. मुलांचा महिनाभराचा प्रयोग मिनिटाभरात मापायचा आणि वर शेरा मारायचा, हे मात्र बंद व्हायला हवं.

दुसरीकडं हे जमलेलं आहे. 1993 पासून भरणाऱ्या राष्ट्रीय बालविज्ञान परिषदेत 10 ते 17 वयाची मुलं आपल्या गावातला प्रश्न घेऊन गटानं काम करतात आणि रोजच्या नोंदींची वही त्या कामाचा भाग धरली जाते. केंद्र सरकारच्या इन्स्पायर-मानक योजनेत निवडलेल्या कल्पनेसाठी मुलाला 10,000 रुपये मिळतात. पण त्या कल्पनेला प्रयोगाचं रूप कसं द्यायचं, हे त्याला शाळेत कधी शिकवलेलंच नसेल तर ते पैसे पुन्हा थर्माकोल आणि एलईडीवरच जाणार. आपल्याच मोहोळच्या संशोधन केंद्रात मालदांडीतून निवडलेलं एम 35-1 हे ज्वारीचं वाण इतकी वर्षं शेतात टिकून आहे. ते काही एका ताटाकडं बघून "हे छान दिसतंय" म्हणून निवडलं गेलं नसेल. वाफ्यामागून वाफा, हंगामामागून हंगाम मोजत बसणं म्हणजे काय, ते मुलांना केगावच्या विज्ञान केंद्राइतकंच या केंद्रातही नेऊन दाखवता येईल.

विषयांचा दुष्काळ आहे म्हणाल तर तोही नाही. पत्र्याला बाहेरून चुना मारला तर खोली किती गार राहते? कडक भाकरी कुठल्या डब्यात, कुठल्या महिन्यात किती दिवस कडक राहते? ज्वारीच्या कणगीत कडुलिंबाचा पाला घातला तर किडे खरंच कमी होतात, का आजी म्हणते म्हणून? टॉवेलचा रंग नळाच्या पाण्यात जास्त जातो का बोअरच्या? यातल्या एकालाही पन्नास रुपयांपेक्षा जास्त सामान लागत नाही. लागतो तो वेळ, आणि मोठ्यांनी उत्तर आधी न सांगण्याचा संयम. दुसरं जास्त अवघड.

आता मागण्या.

प्रयोग आणि मॉडेल यांचे दोन वेगळे विभाग करा, दोन वेगळी बक्षिसं ठेवा. प्रयोगाच्या विभागात निम्मे गुण आखणी आणि नोंदवहीला द्या, आणि वही न चाळता गुण देता येणार नाहीत असा नियम करा. परीक्षकानं वहीच्या शेवटच्या पानावर सही करावी, म्हणजे ती उघडली गेली एवढं तरी कळेल. निकाल "हो" आला का "नाही" आला यावर एकही गुण नको. खाडाखोडीबद्दल गुण कापायचे नाहीत. उलट, सगळे आकडे जरा जास्तच शहाण्यासारखे वागत असतील तर तिथं दोन प्रश्न जास्त विचारा.

परीक्षकांनी काय विचारायचं, हेही छापून द्या. तुमचा प्रश्न काय होता? करायच्या आधी काय वाटलं होतं आणि ते कुठं लिहिलंय? काय बदललं, काय सारखं ठेवलं, आणि ते सारखं होतं हे कशावरून? किती वेळा केलं? कुठल्या आकड्यानं गोंधळात टाकलं, मग काय केलंत? परत करायचा झाला तर काय बदलाल? एवढे प्रश्न मुलाला त्याच्या भाषेत विचारले आणि तो थांबून विचार करत असताना गप्प उभं राहिलं, तर काम स्वतःचं का बाबांचं हे आपोआप कळतं. त्यासाठी एका टेबलाला किमान दहा मिनिटं लागतात. तेवढी मिळावीत म्हणून आधी शाळेच्या पातळीवर वह्या वाचून निवड करा. वह्या घरी नेऊनही वाचता येतात.

परिपत्रक जूनमध्ये, शाळा उघडताना निघावं. दिवाळीची सुट्टी मुलांना प्रयोगासाठी मिळावी. कुणाची मदत घेतली ते मुलांनी वहीत लिहावं, आणि लिहिलं म्हणून गुण कापले जाऊ नयेत. लपवलं तर कापा.

प्रत्येक गटाला दोन ओळींचा लेखी अभिप्राय द्या. बक्षीस एकालाच मिळतं, ते ठीक आहे. बाकीच्या मुलांना निदान पुढं काय करायचं ते कळायला हवं. "छान, असेच प्रयत्न करत रहा" हा अभिप्राय धरला जाणार नाही.

शेवटची मागणी माझ्या आवडीची आहे. चांगल्या वह्या जपून ठेवा आणि पुढच्या वर्षीच्या मुलांना द्या. जुना प्रयोग परत करून तोच निकाल येतो का, हे बघणाऱ्या गटालाही बक्षीस असावं. आमच्या मुलींची वही मी झेरॉक्स काढून द्यायला तयार आहे. काळ्या आणि लाल माठांत अर्ध्या अंशाचा फरक असेलही. तो कळायला अर्ध्या अंशाचा थर्मामीटर लागेल, आणि भाजणीचा गुंता सोडवायला सारख्या मातीचे, सारखे भाजलेले माठ लागतील. कुंभाराशी बोलणं झालंय, तो "बघू" म्हणालाय.

यंदाच्या प्रदर्शनाचं परिपत्रक निघायच्या आधी तुमचं उत्तर मिळावं. सगळं एका वर्षात होणार नाही, मला कळतं. निदान वहीच्या सहीचा नियम यंदापासून लागू करा, त्याला खर्च नाही. परीक्षकांची तयारीची बैठक ठेवलीत तर पहिल्या पाळीनंतर मी येईन, आणि रंग बिघडलेल्या घाण्यांच्या आमच्या नोंदी दाखवायला मालकांची परवानगीही काढून ठेवेन.

आपली,
एक पालक
सोलापूर